न मुरलेल्याचे मोल

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हैस डोहात बसली आहे. तिची शिंगे आणि नाकपुड्या तेवढ्या दिसताहेत. ती दुभती आहे की भाकड, धड आहे की लंगडी, काही कळायला मार्ग नाही. आणि काठावर उभे राहून दोन शहाणे तिच्या किमतीवरून घासाघीस करीत आहेत! दुसरी म्हण याहून तिखट आहे. तुरी अजून बाजारातच आहेत, आणि त्यांच्या वरणावरून भटाने भटणीला मारायलाही सुरुवात केली आहे. जे अजून हाती आलेले नाही त्याचा व्यवहार करू नये, आणि त्यावरून भांडू तर मुळीच नये, असे आपल्या वाडवडिलांचे मत होते; ते त्यांनी हसत हसत सांगून ठेवले.

या शहाणपणाच्या नेमके उलट वागून एक अख्खे शहर पिढ्यान् पिढ्या नावारूपाला आले आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले बोर्दो हे ते शहर, आणि तिथली पाण्यातली म्हैस म्हणजे पिंपातली वाइन. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठी घालू नये. वाइनच्या चवीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि तिची तरफदारीही मला करायची नाही. मला कुतूहल आहे ते त्या व्यवहाराचे. जी वस्तू अजून धड तयारही झालेली नाही, तिचे पूर्ण पैसे लोक कितीतरी आधी मोजून मोकळे होतात. अशा व्यवहारात कोण कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. तो वाइनपुरताच असता तर ऐन दिवाळीत तो मी तुमच्या घरात आणला नसता.

आधी हा व्यवहार समजून घेऊ. बोर्दोच्या आसपास गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळतात आणि पुढे त्यांची जिरोंद नावाची मोठी खाडी होते. या पाण्याच्या दोन्ही तीरांवर द्राक्षमळे पसरले आहेत. मळा आणि त्यावरची हवेली मिळून तिथे ‘शातो’ म्हणतात. द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. रस आंबवून झाला की नवी वाइन ओकच्या लाकडाच्या पिंपात भरतात. एका पिंपात २२५ लिटर मावते, म्हणजे ३०० बाटल्यांचा ऐवज. पिंपात ती साधारण दीड ते दोन वर्षे राहते आणि मग बाटलीत जाते. बाटलीतही ती स्वस्थ बसत नाही. चांगल्या सालाची चांगली वाइन आणखी दहा, वीस, कधी तीस वर्षे मुरत राहते. लोणचे कसे मुरते, मोरावळा कसा मुरतो, हे ज्या घरांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. करकरीत असते ते मऊ होते, तुरट असते ते गोडावते, आणि निरनिराळ्या चवी एकमेकींना ओळखू लागतात.

पण व्यापार इतका वेळ थांबत नाही. सुगीनंतर जेमतेम सहा महिन्यांनी, मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये, देशोदेशीचे व्यापारी आणि समीक्षक बोर्दोला जमतात आणि पिंपातून काढलेले नमुने चाखतात. मे-जूनमध्ये एकेक शातो आपला भाव जाहीर करतो. तो थेट गिऱ्हाइकाला विकत नाही. मध्ये दलाल असतो, त्याची दलाली शेकडा दोन. दलालामार्फत माल बोर्दोच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, तिथून परदेशच्या आयातदाराकडे, आणि त्याच्याकडून घरगुती गिऱ्हाइकाकडे. ‘जातो’ म्हणायचे ते केवळ हिशेबाच्या वहीत. माल असतो शातोच्या तळघरात, पिंपातच. गिऱ्हाईक मालाचे पूर्ण पैसे देते आणि त्याच्या हाती एक कागद पडतो. जकात आणि कर तेवढे माल सोडवून घेताना भरायचे. बाटल्या येतात दोन-अडीच वर्षांनी, आणि त्या उघडण्याजोग्या होतात त्याच्याही पुष्कळ पुढे. आपण घर घेताना, बैलजोडी घेताना विसार देतो तो थोडा असतो; इथे पुरी किंमत हाच विसार! या पद्धतीला तिकडे ‘आं प्रिमर’ म्हणतात.

हे सारे एखाद्या धूर्त डोक्यातून निघाले असेल असे वरवर पाहता वाटते. पण त्याचे मूळ अडचणीत आहे. एके काळी तर बोर्दोचे व्यापारी पीक वेलीवर असतानाच ते विकत घेऊन टाकीत. शार्त्राँ नावाच्या धक्क्यालगत त्यांची तळघरे होती. पिंपे तिथे नेऊन वाइन मुरवण्याचे काम तेच करीत. पुढे १९२४ साली मुताँ या शातोचा तरुण मालक फिलिप द रोत्शिल्ड याने आपली सगळी वाइन आपल्याच मळ्यावर बाटलीत भरायची असे ठरवले. भेसळ टळावी आणि बाटलीवरचे नाव खरे ठरावे, हा त्यातला चांगला हेतू. मात्र अशा रीतीने मुरवण्याचा भार हळूहळू व्यापाऱ्याच्या तळघरातून मळेवाल्याच्या तळघरात आला. मुरवायचे म्हणजे माल दोन वर्षे अडकून पडणार; मजुरी मात्र दर आठवड्याला द्यावी लागते आणि पिंपे दर वर्षी घ्यावी लागतात. अशा वेळी कोणी आगाऊ पैसे दिले तर मळा तगतो.

म्हणजे या व्यवहाराच्या पोटी एक वचन होते. ते कुठल्या कागदावर लिहिलेले नव्हते, पण दोघांनाही पाठ होते. मळेवाला म्हणत होता : माझ्यापाशी आज पैसा नाही आणि तुझ्यापाशी आज वाइन नाही. तू पैसे दे आणि वाट पाहा. ही वाइन कशी निघेल ते मलाही पुरते ठाऊक नाही, तो धोका तुझा. त्याबदल्यात, ती तयार होऊन दुकानात येईल तेव्हा जो भाव असेल त्याहून कमी भावात मी ती तुला देतो. या वचनात लबाडी कुठे आहे? मला तर ते शेजारधर्मासारखे वाटते.

त्या वचनाचे सोने झाले ते १९८२ साली. त्या वर्षी सप्टेंबर चांगला तापला, द्राक्षे पूर्ण पिकली, आणि पीकही भरघोस आले. दर्जा आणि भरघोस पीक एकत्र येणे ही शेतीत दुर्मीळ गोष्ट. नमुने चाखणाऱ्यांपैकी काहींना ही वाइन फार मऊ वाटली. ती टिकणार नाही असे ते म्हणाले. अमेरिकेतल्या मेरिलंडचा रॉबर्ट पार्कर नावाचा एक वकील १९७८ पासून वाइनवर एक छोटे पत्रक काढीत असे. त्याने मात्र ठासून लिहिले की हे साल थोर आहे. डॉलर तेव्हा तेजीत होता. ज्यांनी त्याचे ऐकून पैसे मोजले त्यांना पुढे कित्येक पटींनी किंमत आलेली पाहायला मिळाली. तेव्हापासून आगाऊ खरेदीचे वेड व्यापाऱ्यांकडून सामान्य गिऱ्हाइकांपर्यंत झिरपले, आणि पार्करच्या शब्दाला बोर्दोत असे वजन आले की त्याने दिलेले गुण कळेपर्यंत कित्येक शातो आपला भाव जाहीर करायला थांबू लागले.

गुण म्हटले की मी कान टवकारते. माझा जन्म गुण देण्यातच चालला आहे. पार्करची पद्धत शंभर गुणांची, त्याच्या देशातल्या शाळांवरून घेतलेली. तिच्यात पन्नासाच्या खाली गुणच नाहीत, म्हणजे नुसत्या हजेरीचे पन्नास! पण तिच्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. वाइन पिंपात असेपर्यंत तिला एक नेमका आकडा द्यायचा नाही. ९४ ते ९६ असा पल्ला द्यायचा. बाटलीत भरल्यानंतर पुन्हा चाखायची, आणि मगच एक आकडा लिहायचा. सहा महिन्यांची वाइन जांभळी, उग्र आणि जिभेला तुरट लागते. समोर आलेला नमुना शातोनेच निवडलेला असतो. निरनिराळ्या द्राक्षांचे मिश्रण अजून बदलायचे असू शकते. अशा वेळी परीक्षकाने आपल्या अज्ञानाला दोन गुणांची का होईना, जागा ठेवली, हा प्रामाणिकपणा आहे. आमच्या प्रगतिपुस्तकात असा पल्ला लिहायची सोय नाही. चौथीतल्या मुलाचे वडील जेव्हा मला विचारतात, “बाई, आमचा हा पुढे काय होईल हो?” तेव्हा माझ्यापुढे एक पिंपातला नमुना उभा असतो. त्याच्या वडिलांना पल्ला नको असतो, आकडा हवा असतो. बाजारालाही तेच हवे असते. समीक्षकाने लिहिलेला खालचा आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही आणि वरच्या आकड्यावर भाव ठरतो.

न मुरलेल्या वस्तूविषयी मत देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. मत दिल्यावाचून जग चालायचे नाही. शिक्षकाला मुलाविषयी बोलावेच लागते, सावकाराला शेतकऱ्याविषयी, आणि मुलीच्या बापाला स्थळाविषयी. पण असे मत देणाऱ्याने हळू आवाजात बोलावे. आपल्या शब्दावर दुसऱ्याचे पैसे, कधी दुसऱ्याचे आयुष्य पणाला लागते, आणि आपले स्वतःचे काहीच लागलेले नसते, हे त्याने विसरू नये.

आता त्या पैसे लावणाऱ्याकडे वळू. १९८२ सालच्या खरेदीदारांना जो नफा झाला तो न्याय्य म्हणायचा का? नुसते बसून मिळालेल्या पैशाविषयी आपल्या मनात एक जुनी अढी आहे. त्यांनी ना वेल छाटला, ना टोपली उचलली. तरीही मला वाटते की तो पैसा हरामाचा नाही. वाट पाहणे हेही एक काम आहे, आणि त्यात धोका असला तर ते चांगलेच अवघड काम आहे. तो धोका काही बोलाफुलाचा नव्हता. १९७२ चे साल सुमार निघाले होते, पण आधीच्या तेजीच्या भरात त्याच्या मालाला चढे भाव दिले गेले. लगेच १९७३ मध्ये तेलसंकट आले आणि सारा बाजार कोसळला. भल्या भल्या व्यापारी घराण्यांना त्याचा फटका बसला. पुढे १९९७ सालचीही वाइन महाग विकली गेली आणि नंतर उतरली. काही ठिकाणी मधला दुकानदारच बुडाला आणि गिऱ्हाइकाच्या हाती नुसता कागद राहिला. ज्याला असा तोटा सोसावा लागतो, त्याला कधी नफा झाला तर तो त्याच्या वाट पाहण्याचे वेतन आहे. तो त्याचा हक्कच आहे असे मी समजते.

मग बिघडले कुठे? २००९ आणि २०१० ही दोन्ही साले उत्तम निघाली. त्याच सुमारास चीनमधल्या नवश्रीमंतांना बोर्दोच्या मोठ्या नावांची भूल पडली होती. लाफित या प्रख्यात शातोने २०१० च्या ऑक्टोबरात जाहीर केले की आपल्या २००८ सालच्या बाटलीवर चिनी लिपीतला आठाचा आकडा कोरलेला असेल. चिनी लोकांना आठ हा आकडा शुभ. एवढ्या बातमीने त्या वाइनचा भाव उसळला. बाटलीच्या आत काहीच बदलले नव्हते! अशा हवेत २०१० च्या वाइनचे भाव जाहीर झाले, आणि ते पूर्वी कधी नव्हते इतके चढे होते. लोकांनी ते दिले. पुढच्याच वर्षी हवा ओसरली. ज्यांनी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना असे दिसून आले की अनेक नामांकित वाइन्स, आता बाटलीत भरलेल्या आणि काही वर्षे मुरलेल्या, आपण भरलेल्या किमतीहून कमी किमतीत दुकानात मिळताहेत. ज्याने काही केले नाही, वाट पाहिली नाही आणि धोका पत्करला नाही, तो परवा येऊन तीच बाटली स्वस्तात घेऊन गेला.

यावर कोणी म्हणेल, ‘खरेदीदार काही कुक्कुल्या बाळ नव्हते. स्वखुशीने घेतले, आता रडायचे कशाला?’ या म्हणण्यात तथ्य आहे. शातोवाल्यांचीही एक बाजू आहे, आणि ती मला सहज बाजूला सारता येत नाही. ते म्हणतात, ‘१९८२ ची वाइन आम्ही स्वस्तात विकली. घाम आमचा, जमीन आमची, नाव आमचे. आणि ती वाइन हातोहाती फिरत जाताना प्रत्येकाने तिच्यावर पैसे केले. आम्हीच तेवढे कोरडे राहिलो. ज्याने वस्तू निर्माण केली त्याने तिची पूर्ण किंमत मागितली तर त्यात पाप ते काय?’

पाप नाही. पण एक भेद करायला हवा. वाइनची किंमत ही एक गोष्ट, आणि वाट पाहण्याचे वेतन ही दुसरी. वाइनची किंमत निर्मात्याने कितीही मागावी. देणारा देईल, नाही तो नाही देणार. पण आगाऊ विकताना तो वाट पाहण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवतो, धोकाही त्याच्यावरच टाकतो, आणि ‘लवकर घेशील तर स्वस्त पडेल’ या जुन्या वचनाचा आधार घेऊन त्याच्याकडून पैसे काढतो. असे असताना उद्याचा सारा नफा त्याने आजच्याच भावात धरला, तर काम एकाचे आणि वेतन दुसऱ्याचे असे होते. ही महागाईची तक्रार नव्हे. हा वचनभंगाचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाची संमती होती हे खरे, पण ती संमती एका वचनावर विसंबून दिलेली होती.

वाट पाहण्याचे वेतनही मलाच हवे, असे ज्या निर्मात्याला वाटते त्याला एक सरळ मार्ग उघडा आहे : त्याने स्वतः वाट पाहावी. लातूर या शातोने तेच केले. (नाव मराठवाड्यातल्या आपल्या शहरासारखे ऐकू येते एवढेच, दोघांचा काही संबंध नाही.) २०१२ च्या एप्रिलमध्ये त्याने कळवले की २०११ ची वाइन ही आपली शेवटची आगाऊ विक्री, यापुढे वाइन आपल्याच तळघरात राहील, आणि पिण्याजोगी झाली असे वाटेल तेव्हाच बाजारात येईल. व्यापाऱ्यांना ते रुचले नाही. मला मात्र त्यात एक स्वच्छपणा दिसतो. धोका माझा, जागा माझी, वेळ माझा. म्हणून किंमतही माझी.

पण इथे एक अवघड गोष्ट समोर येते, आणि ती टाळून मला पुढे जाता येत नाही. लातूर शातो १९९३ पासून फ्रान्सुआ पिनो या फ्रान्समधल्या अतिश्रीमंत उद्योगपतीच्या घराण्याकडे आहे. वाट पाहणे त्याला परवडते. बोर्दोत हजारो छोटे मळेवाले आहेत. आगाऊ विक्रीच्या या झगमगाटात त्यांचे नावही नसते, कारण त्यांच्या पिंपातली म्हैस काठावरून पाहायलासुद्धा कोणी येत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांची वाइन आज खपेनाशी झाली आहे. २०२३ साली सरकारी मदतीने मळे उपटून टाकण्याची योजना तिथे निघाली : वेल काढून टाका आणि हेक्टरी ६,००० युरो घ्या. ज्या प्रांतात एकीकडे न मुरलेल्या वाइनचे हजारो युरो आगाऊ मोजले जातात, तिथेच दुसरीकडे उभा वेल उपटण्याचे पैसे मिळतात!

हे वाचताना आपल्याकडची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कोकणात कलमांना नुकता मोहोर आला असतानाच बाग व्यापाऱ्याच्या हवाली करणारे बागायतदार आहेत. त्यांना म्हण ठाऊक नसते असे थोडेच आहे? पण घरात लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते, फवारणीचा खर्च असतो. म्हैस पाण्यात असताना तिचे मोल करणारा नेहमी मूर्खच असतो असे नाही. पुष्कळदा तो गरजू असतो. म्हणून आगाऊ व्यवहाराचा निवाडा करताना मी पहिल्याने विचारते, ‘यात कोणाला थांबणे परवडत होते आणि कोणाला नव्हते?’ गरजूने आगाऊ पैसे घेतले तर ती त्याची निकड असते. ज्याला थांबणे परवडते त्यानेच उद्याचे मोल आज वसूल केले, तर त्याला लोभ म्हणायला मी कचरणार नाही.

आगाऊ खरेदीचे एक निराळे रूपही फ्रान्समध्येच आहे. पूर्वेकडे बुर्गोन्य प्रांतात बोन नावाचे गाव आहे. तिथे १४४३ साली त्या प्रांताच्या ड्यूकचा मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी गोरगरीब रोग्यांसाठी एक इस्पितळ बांधले. पुढच्या शतकांत अनेकांनी त्या इस्पितळाला द्राक्षमळे दान दिले. १८५९ पासून त्या मळ्यांची वाइन लिलावाने विकली जाते. हा लिलाव आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो. ही वाइन तर सहा महिन्यांचीही नसते, अवघ्या काही आठवड्यांची असते. बोली लावणारा बाजारभावाहून जास्त देतो, आणि ते त्याला पक्के ठाऊक असते. पैसा इस्पितळाच्या कामी जातो. इथेही न मुरलेल्याचेच मोल चालले आहे. पण वाइन मुरायला वेळ लागला तरी रोग्याचे दुखणे थांबून राहत नाही, हे घेणारा आणि देणारा दोघेही जाणतात. या लिलावात कोणी फसत नाही, कारण तिथे कोणी कोणाला स्वस्ताईचे वचनच दिलेले नसते.

एवढे झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो खरेदीदाराच्या स्वतःच्या मनाचा आहे. तो ही वाइन घेतो कशासाठी? मुलगी जन्मली त्या सालची पेटी घेऊन ठेवायची आणि तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला किंवा लग्नात उघडायची, अशी तिकडे रीत आहे. इंग्लंडात तर नवजात बालकाच्या नावाने पोर्ट वाइन ठेवण्याची पद्धत जुनी आहे. साठीतला आजोबा जेव्हा वीस-पंचवीस वर्षांनी तयार होणारी पेटी विकत घेतो, तेव्हा ती आपल्याला पिता येणार नाही हे तो मनाशी जाणून असतो. ही खरेदी म्हणजे त्याच्या परीने लावलेले आंब्याचे झाड आहे.

पण पुष्कळशा पेट्यांच्या नशिबी असा आजोबा नसतो. त्या इंग्लंडातल्या किंवा आणखी कुठल्या जकात-गोदामात पडून राहतात. कागदावर मालक बदलत जातो, पेटी जागची हलत नाही. पहिल्याने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोणीच तिला हात लावला नाही, कोणाच्याच घरी ती गेली नाही. सोन्याचे असे केले तर चालते. आपण धनत्रयोदशीला घेतलेले वळे पन्नास वर्षे पेटीत राहिले तरी ते वळेच राहते. वाइनला मात्र म्हातारपण आहे. ती मुरते, ऐन भरात येते, काही काळ तिथे थांबते, आणि मग उतरणीला लागते. शेवटी बाटलीत आंबूस पाणी उरते. म्हणजे या साखळीत कोणीतरी एक जण असा निघावाच लागतो, जो म्हणेल, ‘पुरे झाले. बूच काढा, चार माणसे बोलवा.’ त्या एका माणसाच्या भरवशावर आधीच्या साऱ्यांचा व्यवहार उभा असतो. तो निघालाच नाही, तर सगळ्यांनी मिळून एका पिंपभर रसाचा नुसता हिशेब केला असे होईल.

२०२४ साली, आदल्या वर्षीच्या वाइनचे भाव ठरवताना, बोर्दोच्या बड्या शातोंनी बरेच नमते घेतले. लाफितने तर आपला भाव जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरवला. तरीही गिऱ्हाईक पूर्वीसारखे धावले नाही. व्यापाऱ्यांनी त्याची नाना कारणे सांगितली : व्याजाचे दर चढलेले, चीनची मागणी ओसरलेली, तरुण मंडळींचे पिणे घटलेले. ती सारी खरी असतील. त्यांत मी आणखी एक घालीन. वचन मोडायला एक हंगाम पुरतो. ते पुन्हा उभे करायला मात्र भाव उतरवून भागत नाही. त्यालाही मुरावे लागते, आणि त्याला किती वर्षे लागतील ते कुठल्याही समीक्षकाला चाखून सांगता येत नाही.

आपल्या म्हणी खोट्या आहेत असे मला वाटत नाही. पण जगातली बहुतेक मोठी कामे म्हैस पाण्यात असतानाच करावी लागतात. लग्न ठरते ते तसेच, मुलांच्या शिक्षणाची फी भरायची ती तशीच, आणि कोणी पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन आला की प्रकाशक ते स्वीकारतो तेही तसेच. असे मोल करण्याला माझी हरकत नाही. मोल करणाऱ्याने एवढे पाहावे, की जो वाट पाहणार आहे त्याच्या वाट्याला वाट पाहण्याचे वेतन उरते आहे ना. आपण दिलेल्या मतात चुकीला जागा ठेवली आहे ना. आणि घेतलेली वस्तू केव्हातरी कोणाच्या तरी पानात वाढली जाणार आहे ना.

बोर्दोच्या मळ्यात नवा वेल लावला की पहिली दोन-तीन वर्षे त्याच्यापासून विकण्याजोगी वाइन मिळत नाही. चांगली, खोल चवीची द्राक्षे तर जुन्या वेलाची. त्याला तीस-चाळीस वर्षे जावी लागतात. म्हणजे आज जो मजूर थंडीत वाकून तो वेल लावतो आहे, त्याची उत्तम सुगी बहुधा त्याचा मुलगा काढील. त्या मजुरानेही आगाऊच दिले आहे, आणि त्याची पावती मात्र त्याच्याजवळ नाही. भाव ठरवताना बोर्दोच्या शातोवाल्यांनी, आणि आपणही, त्याच्याकडे एकदा पाहावे.